दोन सारखे फासे: निष्पत्ती ३६ की २१?

खडू_फळा

दहावीच्या संभाव्यता प्रकरणात दोन फासे टाकले की नमुना अवकाशात, म्हणजे सगळ्या शक्य निष्पत्तींच्या यादीत, ३६ घटक, हे मुलं पाठ करून मोकळी होतात. पण वर्गात एखादा चौकस निघतोच. त्याचं म्हणणं असं: "दोन्ही फासे पांढरे, हुबेहूब. एकावर २ नि दुसऱ्यावर ५ आले. (२, ५) आणि (५, २) यात मला काही फरक दिसत नाही, मग दोनदा का मोजायचं?" तो स्वतःचा हिशेब मांडतो. दोन्हींवर सारखा आकडा असलेल्या जोड्या ६, वेगवेगळे आकडे असलेल्या १५, एकूण २१. बेरीज ७ देणाऱ्या जोड्या तीन: १-६, २-५, ३-४. म्हणून बेरीज ७ येण्याची संभाव्यता ३/२१, म्हणजे १/७. पुस्तकातलं उत्तर १/६.

"एक फासा पहिला, एक दुसरा असं समज" म्हटलं की तो गप्प बसतो, पण पटलेलं नसतं.

त्यात भर म्हणजे त्याच प्रकरणात पाच जणांतून दोघांची समिती निवडताना आपण अ-ब आणि ब-अ एकच धरतो आणि १० निष्पत्ती लिहितो. इथे क्रम मोजायचा, तिथे नाही, हे ठरवायचं कशावरून?

आणि जाता जाता: "एकास पाच" असं जे म्हणतात ते आणि १/६ एकच का?

फळ्यावर करून दाखवता येईल अशी उत्तरं हवी आहेत. "पुस्तकात तसं दिलंय" हे उत्तर माझ्याकडे आहेच.

तासिका_सहावी

तुमच्या विद्यार्थ्याने २१ अगदी बरोबर मोजलेत. त्याची चूक मोजणीत नाही, भागाकारात आहे.

अनुकूल भागिले एकूण हे सूत्र फक्त समसंभाव्य, म्हणजे येण्याची शक्यता सारखीच असलेल्या, निष्पत्तींसाठी आहे. व्याख्येतला हा शब्द मुलं वाचून पुढे जातात आणि पुढची निम्मी गणितं तिथेच बिघडतात. २१ जोड्यांची यादी खरी आहे, पण त्या २१ जणी सारख्या वजनाच्या नाहीत.

फळ्यावर असं करा. एका फाशाच्या सगळ्या बाजूंना पेनाने बारीक खूण करा. आता विचारा, "खूण केल्यामुळे फासे वेगळ्या रीतीने पडायला लागले का?" कुणीच हो म्हणणार नाही. फासा आपल्याला ओळखू येतो की नाही, याच्याशी फाशाला काही देणंघेणं नसतं. मग ६ × ६ चा तक्ता काढा. खुणेच्या फाशाचे आकडे आडवे, बिनखुणेच्या फाशाचे उभे. खुणेच्या फाशावर २ आल्यावर दुसऱ्यावर सहापैकी काहीही सारख्याच सहजतेने येऊ शकतं, म्हणून प्रत्येक घर सारखं. एकूण ३६.

आता त्या तक्त्यातून खूण पुसून टाका. (२, ५) आणि (५, २) ही कर्णाच्या दोन बाजूंची घरं एकत्र होतात, त्यामुळे "२-५" या जोडीच्या वाट्याला दोन घरं येतात. पण (३, ३) कर्णावरच आहे, त्याला जोडीदार नाही, त्याच्या वाट्याला एकच घर. म्हणजे त्याच्या २१ जोड्यांपैकी १५ जणी दुप्पट वजनाच्या आणि ६ एकेरी: १५ × २ + ६ × १ = ३६. त्याचीच यादी ठेवा, फक्त प्रत्येक जोडीपुढे वजन लिहा. बेरीज ७: तीन जोड्या, प्रत्येकी वजन २, म्हणून ६/३६. बेरीज ४: १-३ चं वजन २, २-२ चं १, म्हणून ३/३६. यादी फेकायला लावली नाही की पोरगं ऐकतं.

तरीही पटलं नाही तर प्रयोग करा, पण बेरीज ७ वर करू नका. १२० वेळा फासे टाकले तर १/६ च्या हिशेबाने सात २० वेळा यायला हवं, १/७ च्या हिशेबाने साधारण १७ वेळा. तीन-चारचा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो, प्रयोगातून काहीच सिद्ध होणार नाही आणि वर्गात वाद मात्र वाढेल. त्याऐवजी "दोन्हींवर सारखा आकडा", म्हणजे डबल मोजा. ३६ वाल्यांच्या मते ६/३६, म्हणून १२० दानांत २०. २१ वाल्यांच्या मते ६/२१, म्हणून १२० दानांत ३४. इथे दरी मोठी आहे. फासे नीट असतील तर डबल बहुतेक वेळा १२ ते २८ च्या दरम्यान येतील, ३४ च्या आसपास जाणं फार अवघड.

सहा गट, प्रत्येकाला वीस दानं. स्टीलच्या डब्यात हलवून टाकायचं, हातातून अलगद सोडायचं नाही. फासा वहीच्या कडेला तिरका अडकला तर दोन्ही फाशांचं दान रद्द, एकाच फाशाचं नव्हे. ताळ्याच्या खुणा दान पडल्या पडल्या करायच्या. "हे मोजायच्या आधीचं होतं" म्हणून पुन्हा टाकणारे वीर प्रत्येक गटात असतात, त्यांच्यावर लक्ष ठेवा.

मोजदाद

समितीचं मी सांगतो, कारण तिथे मुलांना दोन नियम पाठ करायला लावतात आणि खरं तर नियम एकच आहे.

तीन मुलगे, दोन मुली, त्यातून दोघांची समिती. क्रमाशिवाय मोजलं तर १० जोड्या. दोन्ही मुली असलेली जोडी १, म्हणून १/१०. आता मुद्दाम क्रम लावून मोजा: आधी निवडलेला पाचांतला कुणीही, नंतरचा उरलेल्या चारांतला, एकूण ५ × ४ = २०. दोन्ही मुली: आधी ही नंतर ती, किंवा उलट, म्हणून २/२०. उत्तर तेच. "किमान एक मुलगी" घेतली तर ७/१० आणि १४/२०. पुन्हा तेच.

का? एकच व्यक्ती दोनदा निवडली जात नाही, त्यामुळे प्रत्येक जोडीला बरोबर दोनच क्रम मिळतात. सगळ्यांचं वजन दुप्पट झालं, म्हणजे कुणाचंच तुलनेत वाढलं नाही. फाशांमध्ये ३-३ येऊ शकतं, म्हणून काही जोड्यांना दोन क्रम आणि काहींना एकच. तिथेच तोल बिघडतो.

तेव्हा मुलांना "इथे क्रम, तिथे क्रम नाही" असं शिकवू नका. पुनरावृत्ती होऊ शकते का, एवढं विचारा. होत असेल तर क्रमाने मोजा. होत नसेल तर कसंही मोजा, पण अंश आणि छेद एकाच पद्धतीने. छेदात २० आणि अंशात १ असं लिहून १/२० काढणारी मुलं दर पेपरात सापडतात.

हीच अडचण अंकांच्या गणितात येते. ०, १, २, ३, ४, ५ पासून दोन अंकी संख्या, अंक पुन्हा न वापरता. मुलं ६ × ५ = ३० लिहितात. दशकस्थानी ० चालत नाही, म्हणून ५ × ५ = २५. अंक पुन्हा वापरायची मुभा असेल तर ५ × ६ = ३०. दुसऱ्या गणिताचं उत्तर पहिल्यातल्या चुकीच्या उत्तराशी जुळतं, त्यामुळे उत्तरसूची बघून चूक कळत नाही. अशा गणितात ज्या स्थानावर बंधन आहे ते आधी भरायला लावा.

खडू_फळा

वजनाची युक्ती आवडली, उद्याच वापरतो. पण मग तीन नाण्यांचं काय? "छापे किती" एवढंच विचारलं तर ०, १, २, ३ असा चार घटकांचा नमुना अवकाश लिहिणं चूक की बरोबर? एका मुलीने तसं लिहिलं, मी चूक दिली. आता शंका येतेय.

शून्य_ते_एक

तिचा नमुना अवकाश चूक नाही. त्यावर १/४, १/४, १/४, १/४ असं लिहिलं असेल तर ते चूक. आठ समसंभाव्य निष्पत्तींमधून ० छापा एकदा, १ छापा तीनदा, २ छापे तीनदा, ३ छापे एकदा. म्हणजे १/८, ३/८, ३/८, १/८. सूत्र लावायचं असेल तर आठांचीच यादी लागते, हे तिला सांगा. आणि पूर्ण गुण कापले असतील तर निदान अर्धा परत द्या.

ही चूक फक्त दहावीची पोरं करत नाहीत. फ्रेंच गणिती द'आलंबेर याने १७५४ मध्ये फ्रेंच विश्वकोशातल्या नाणेफेकीवरच्या लेखात हेच केलं. दोन फेकींत किमान एक छापा येण्याची संभाव्यता त्याने २/३ असावी असं मांडलं. त्याचा युक्तिवाद ऐकायला ठीकच वाटतो: पहिल्याच फेकीत छापा आला तर दुसरी फेक करायची गरज काय? म्हणजे शक्यता तीनच: छापा; काटा-छापा; काटा-काटा. तीनपैकी दोन अनुकूल. पण पहिल्या शक्यतेचं वजन १/२ आणि उरलेल्या दोघींचं १/४-१/४. बेरीज करा: ३/४. खेळ मध्येच थांबवला म्हणून नाणं बदलत नाही.

उलट बाजूचं उदाहरण गॅलिलिओचं. तीन फाशांची बेरीज ९ आणि बेरीज १०. दोन्हींसाठी आकड्यांचे सहा-सहा गट आहेत, मग जुगाऱ्यांना १० जास्त वेळा का दिसतं, असा प्रश्न त्याच्यापुढे आला होता. त्याने क्रम मोजले. हे फळ्यावर पूर्ण मांडायलाच हवं, कारण यात तिन्ही वजनं एकत्र दिसतात: तिन्ही आकडे वेगळे असले तर ६ क्रम, दोन सारखे असले तर ३, तिन्ही सारखे असले तर १.

बेरीज ९: १-२-६ (६), १-३-५ (६), १-४-४ (३), २-२-५ (३), २-३-४ (६), ३-३-३ (१). एकूण २५.

बेरीज १०: १-३-६ (६), १-४-५ (६), २-२-६ (३), २-३-५ (६), २-४-४ (३), ३-३-४ (३). एकूण २७.

२१६ पैकी २५ आणि २७. सगळा फरक त्या एकट्या ३-३-३ मुळे. बाकीचे पाच गट दोन्हीकडे तुल्यबळ आहेत, ३ वजनाच्या गटाच्या जागी १ वजनाचा गट आल्याने दोन घरं कमी पडली.

कवडीचुंबक

इतक्या लांब फ्रान्स-इटलीला कशाला जायचं, चार कवड्या घ्या. चौका-अष्टा खेळताना (कुठे याला चल्लस-आठ म्हणतात) जितक्या कवड्या तोंड वर करून पडतील तितकी घरं, चारही वर पडल्या तर चार आणि एकही नाही तर आठ. दानं पाच: १, २, ३, ४, ८. प्रत्येकी १/५? खेळणारी आजीसुद्धा नाही म्हणेल.

आधी कवड्यांऐवजी चार नाणी धरा. २ × २ × २ × २ = १६ निष्पत्ती. एक वर: ४, दोन वर: ६, तीन वर: ४, चारही वर: १, एकही नाही: १. म्हणजे दोनचं दान सगळ्यात जास्त, चार आणि आठ प्रत्येकी १/१६.

आता खरी गंमत. कवडी म्हणजे नाणं नव्हे. एक बाजू फुगीर, एक चपटी, दोन्ही बाजू सारख्या वेळा पडतील असं समजायला काही आधार नाही. समजा एक कवडी तोंड वर करून पडण्याची संभाव्यता ०.४ आहे. मग चारही वर: ०.४ चा चौथा घात = ०.०२५६. एकही वर नाही: ०.६ चा चौथा घात = ०.१२९६. एका कवडीत फरक थोडासाच, पण आठ पडणं चार पडण्याच्या पाचपट सोपं झालं. म्हणजे या खेळात क्रमाने मोजलेल्या त्या १६ निष्पत्तीसुद्धा समसंभाव्य नाहीत. तुमच्या चौकस पोराला सांगा, क्रम मोजला म्हणजे जिंकलो असं नाही, वस्तू सुद्धा सारखी हवी.

०.४ हा आकडा मी धरून चाललोय. तुमच्या कवड्यांचा आकडा काढायचा तर एकच कवडी शंभरदा टाकून मोजा, चारही कवड्या वेगवेगळ्या मोजा, आणि चटईवर नको, फरशीवर टाका. चिंचोके फोडून केलेल्या फाका वापरणार असाल तर त्या आणखी बेभरवशाच्या, प्रत्येक फाकेचा कल निराळा.

मोजदाद

@कवडीचुंबक, हे छान, पण परीक्षेपुरतं मुलांना एवढंच सांगा की "फासा", "नाणं", "चांगले पिसलेले पत्ते" असं लिहिलं की समसंभाव्य धरायचं. नाहीतर एखादा पेपरात "फासा खोटा असू शकतो" असं लिहून येईल.

पत्त्यांवरून आठवलं: चित्रयुक्त पत्ते १२, एक्के त्यात नाहीत. "बदाम किंवा राजा" म्हणजे १३ + ४ नव्हे, बदामाचा राजा दोनदा मोजला गेला, म्हणून १६, उत्तर १६/५२ = ४/१३. आणि नमुना अवकाश, त्यातल्या घटकांची संख्या, घटनेचे घटक, त्यांची संख्या, मग सूत्र, या क्रमाने लिहायचं. पायऱ्यांचे गुण असतात, नुसतं उत्तर लिहून ते घालवू नका.

तासिका_सहावी

"एकास पाच" राहूनच गेलं.

बेरीज ७ साठी ६ घरं अनुकूल, ३० प्रतिकूल. ६ : ३०, म्हणजे १ : ५, एकास पाच. संभाव्यता मात्र १/६, कारण तिच्या छेदात अनुकूल घरंही येतात. मुलं सरळ १/५ लिहून मोकळी होतात. अ : ब असं प्रमाण असेल तर संभाव्यता अ / (अ + ब). उलट जायचं तर ०.३ म्हणजे ३ : ७.

गोंधळ वाढवायला घोड्यांच्या शर्यतीतले भाव असतात, ते उलटे बोलतात: "पाचास एक" म्हणजे हरण्याच्या बाजूचा आकडा आधी. आणि तो भाव म्हणजे संभाव्यता नव्हेच. समजा तीन घोडे, भाव एकास एक, दोनास एक, तिनास एक. संभाव्यतेत बदललं तर १/२, १/३, १/४. बेरीज १३/१२. तिघांपैकी एकच जिंकणार, मग बेरीज १ पेक्षा जास्त कशी? तो वरचा १/१२ बुकीने आपल्यासाठी ठेवलाय. वर्गात पैज लावण्याची उदाहरणं द्यायला मी कचरतो, पण हे एक उदाहरण पैजेचा मोह वाढवण्यापेक्षा उतरवतं.

प्रमाणाचं एक जुनं नि चोख उदाहरण फ्रेंच गणिती पास्कलच्या पत्रात आहे. २९ जुलै १६५४ च्या पत्रात तो फर्मा या दुसऱ्या फ्रेंच गणित्याला लिहितो की एक फासा चारदा टाकून एकदा तरी सहा आणण्याचं प्रमाण ६७१ ला ६२५. हे आकडे मुलांकडून काढून घ्या. एकूण ६ × ६ × ६ × ६ = १२९६. "एकदा तरी" थेट मोजायला गेलं तर जीव जातो, म्हणून उलट मोजा: एकदाही सहा नाही, ५ × ५ × ५ × ५ = ६२५. उरले ६७१. निम्म्याहून किंचित जास्त, ०.५१८ च्या आसपास.

याच गणितात मुलं १/६ चारदा मिळवून ४/६ काढतात. त्यांना सात दानांचं उत्तर काढायला सांगा. ७/६ आलं की आपोआप थांबतात.

त्याच पत्रात द मेरे या सरदाराची तक्रारही आहे. एका फाशाला ४ दानं पुरतात, तर दोन फाशांना ४ × ६ = २४ दानांत एकदा तरी दोन्ही सहा यायला हवेत, कारण निष्पत्ती सहापट झाल्या. येत नाहीत. ३५/३६ चा चोविसावा घात सुमारे ०.५०९, म्हणून जिंकण्याची संभाव्यता ०.४९१. पंचवीस दानं घेतली की ०.५०६ होते. कॅल्क्युलेटरवर करून दाखवा.

खडू_फळा

सगळ्यांचे आभार. अर्धा गुण परत देतोय.

एक शेवटचं, त्याच चौकस पोराने वर्ग सुटता सुटता टाकलेलं: दोन फासे झाकून टाकले, कुणीतरी बघून सांगितलं की "किमान एकावर ६ आहे". मग दोन्हींवर ६ असण्याची संभाव्यता १/६ ना?

शून्य_ते_एक

नाही, १/११. तक्त्यात ६ ची ओळ आणि ६ चा स्तंभ रंगवा. ६ + ६ = १२ घरं वाटतात, पण (६, ६) दोन्हीत आहे, म्हणून ११. त्यातलं अनुकूल एकच.

पण सांगणाऱ्याने फक्त खुणेचा फासा बघून "यावर ६ आहे" म्हटलं असतं, तर एकच स्तंभ उरतो, सहा घरं, आणि उत्तर १/६. त्या पोराला आधी विचारा, सांगणाऱ्याने एक फासा बघितला की दोन.